तोफेतलं घरटं

पांगिऱ्याच्या महाराजांना गडावरच्या रणकाली तोफेची वीतभर नक्कल हवी होती. येसू तांबटणीला बोलावून त्यांनी बजावलं, "जशी आहे तशीच हवी. तसूभर फरक चालायचा नाही."

येसूने महिनाभर बुरुजावर बसून दोऱ्याने तोफ मापली. नक्कल दरबारात आली तेव्हा चाकाचा तुटका आरा, कडीवरचा पोचा, सगळं जिथल्या तिथे होतं. महाराज खूश झाले. तोफखान्याचे दारोगा रंगराव मात्र उसळले, कारण नकलेच्या तोंडात बारीक तारेचं चिमणीचं घरटं होतं.

"ही थट्टा आहे, महाराज! रोज सकाळी मी स्वतः हात घालून तोफ साफ करतो. हिला हत्यारांसकट गावाबाहेर काढा!"

येसू एवढंच म्हणाली, "आधी तोफ बघा, मग मला काढा."

सगळे बुरुजावर गेले. महाराजांनी वाकून पाहिलं, तर तोफेच्या तोंडात खरंच घरटं!

रंगरावांना घाम फुटला, पण पीळ काही जाईना. "काल सकाळी तोफ रिकामी होती, महाराज! रातोरात बांधलं असणार!"

ते एवढ्या मोठ्याने ओरडले, की घरट्यातून तीन पिल्लं भुर्रकन उडाली.

येसूने पदर सावरला. "रातोरात घरटं बांधलं, अंडी घातली, उबवली आणि सकाळी पिल्लं उडालीसुद्धा! महाराज, दारोगासाहेबांच्या तोफखान्यात कामं फार झपाट्याने होतात."

महाराज पोट धरून हसले. नक्कल घरट्यासकट त्यांच्या बैठकीत मांडली गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून रंगराव खरोखरच तोफेत हात घालू लागले.