न फुंकायचा शंख

एका राज्यात मान ताठ ठेवून चालणारी माणसं राहत होती. राज्याचं नाव सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी मनातल्या मनात घ्यावं. बाकीच्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की तिथला कुंभारसुद्धा राजाला मुजरा करी तो राजाच्या डोळ्याला डोळा भिडवून, आणि राजाला त्याचा राग येत नसे, उलट कौतुकच वाटे. अशा राज्याची गोष्ट सांगताना माझा आवाज जरा चढतो. तो चढू द्यावा.

राजाचं नाव बृहत्सेन, राणीचं सुवर्चला. त्यांच्या देवघरात दोन शंख होते. एक फुंकायचा. तो रणात जाई, दारात वाजे, आरतीला घुमे. दुसरा पूजेचा. तो कासवाच्या घाटाच्या अडणीवर बसे आणि सदैव पाण्यानं भरलेला असे. पूजेला बसलं की त्यातलं पाणी आधी स्वतःवर शिंपडायचं, मग फुलांवर, मग पूजेच्या साहित्यावर. या शंखाला ओठ लावायचा नाही, कारण उष्ट्या शंखातलं पाणी देवाला चालत नाही. त्याला जमिनीवर टेकवायचं नाही. त्याला रिकामं ठेवायचं नाही. समुद्रातल्या बेटावर राहणाऱ्या क्षारकेतू नावाच्या मायावी पुरुषानं तो बृहत्सेनाच्या पणजोबांना दिला, तेव्हा हे सगळं बजावून दिलं होतं आणि मोडलंत तर शाप भोवेल असंही स्वच्छ सांगितलं होतं. पणजोबा ऐकणाऱ्यातले होते. आजोबाही होते.

बृहत्सेन शेजारच्या राजाचा पाडाव करून परतला, तेव्हा सारं नगर राजवाड्यापुढे लोटलं होतं. देवाच्या पाया पडून तो बाहेर येतो न येतो तोच लोक ओरडू लागले, शंख होऊ द्या, शंख होऊ द्या. रणातला शंख सामानाच्या हत्तीवर, हत्ती अजून वेशीबाहेर. पण जिंकून आलेल्या माणसाला धीर कुठला धरवतो? राजा आत गेला, पूजेचा शंख उचलला, त्यातलं पाणी फरशीवर ओतलं आणि सज्जात येऊन शंख फुंकला.

आवाज मात्र असा उठला की तसा त्या राज्यात कधी उठला नव्हता. राणी सुवर्चला बाजूलाच होती. तिनं सगळं पाहिलं होतं आणि अडवलं नव्हतं, कारण तिचीही छाती फुगली होती. हे ती पुढं कधी विसरली नाही.

जयजयकार ओसरला, घसे कोरडे पडले, कुणीतरी तांब्या उचलला. तांब्यात पाणी नव्हतं. रांजणात नव्हतं, घागरीत नव्हतं, देवाच्या कलशात नव्हतं. नदी वाहत होती, विहिरी भरलेल्या होत्या, पण घागर बुडवून वर काढली की आत ठणठणीत कोरडी. नारळ फोडला तर आत खोबरं तेवढं. ओंजळ भरावी तर पाणी ओठांशी यायच्या आत नाहीसं होई. शाप असा होता की त्या राज्याचं पाणी कशातच राहू नये.

मग काय करणार? नदीकाठी गुडघे टेकायचे, हात जमिनीला लावायचे आणि गुरांसारखं तोंड पाण्याला लावायचं. ताठ मानेची ती माणसं रांगेनं वाकू लागली. राजा-राणीही त्याच रांगेत वाकत होती. कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नसे. दिवस उन्हाळ्याचे, नदी रोज काठापासून आत सरकत होती. विहिरीतलं पाणी वर काढता येत नव्हतं. नदी आटली की राज्य उठणार, हे लहान पोरालाही कळत होतं.

अशा वेळी हरलेल्या शेजाऱ्याचा दूत वेशीवर आला. तो म्हणाला, आमच्या राज्यात घागरी भरतात. तुम्ही सगळे या, आमच्या घरी चाकरीला राहा, पोटभर पाणी प्या. उत्तर मिळेपर्यंत मी इथंच थांबतो. आणि तो खरोखरच वेशीबाहेर राहुटी ठोकून, पाण्याचा भरला हंडा शेजारी ठेवून बसला.

सुवर्चलेच्या जिव्हारी लागलं. आपली माणसं परक्याच्या दारात पाण्यासाठी उभी राहायची, हे तिला मरणाहून वाईट वाटलं. ती देवळात गेली. कळसावर एक भारद्वाज पक्षी बसला होता. भारद्वाज दिसणं शुभ, आणि तो बोलला तर फारच शुभ. हा बोलला.

"राणी, सांडलेलं पाणी क्षारकेतूकडे परत गेलं आहे. ते रडून मिळत नाही. तीन कामं करून जिंकून आणावं लागतं."

राणीनं रिकामा शंख ओंजळीत घेतला आणि ती नदीच्या काठाकाठानं समुद्राकडे निघाली. राजा बरोबर येतो म्हणाला. तिनं सांगितलं, माणसं वाकलेली असताना राजानं त्यांच्यातून उठून जायचं नाही. समुद्रानं दुभंगून तिला वाट दिली. हातात शंख असला की समुद्र वाट देतो, त्यात नवल काही नाही.

बेटावर पांढऱ्या वाळूखेरीज काहीच नव्हतं. ना झाड, ना दगड. क्षारकेतू तिथं मिठाच्या आसनावर बसला होता. तो उठून उभा राहिला आणि आदरानं म्हणाला, "राणी, दमलीस. शंख खाली ठेव आणि बस."

पहिलं काम हेच होतं. राणीनं वाळूकडे पाहिलं. इथं अडणी कुठून आणायची? पदर अंथरावा, तर तोही जमिनीलाच टेकलेला. सूर्य डोक्यावरून कलला, तिचे हात भरून आले, तरी ती उभीच. शेवटी तिनं मान झुकवून डोक्यावरचा मुकुट वाळूत उतरवला आणि त्यावर शंख ठेवला.

क्षारकेतू म्हणाला, "राजमुकुट धुळीत ठेवलास."

"मुकुट नसला तरी मी राणीच आहे," सुवर्चला म्हणाली. "आमच्या घरात याची जागा माझ्यापेक्षा वर आहे."

क्षारकेतूनं हात फिरवला. मुकुट गेला, शंख गेला आणि किनाऱ्यावर नजर पोचेल तिथवर शंखच शंख पसरले. सगळे सारखे, त्याच घडणीचे, गंधाचा तोच पिवळसर डाग असलेले. त्यातून आपला ओळखून काढायचा, हे दुसरं काम.

राणीनं एक शंख कानाशी नेला. तो गर्जत होता. कुण्या राजानं कुठला गड घेतला, किती हत्ती पाडले, ते सांगत होता. दुसरा त्याहून मोठ्यानं सांगत होता. जगात विजयासाठी म्हणून जे जे शंख फुंकले गेले, त्यांचे आवाज तिथं साठले होते. तिच्या नवऱ्यानंही आपला शंख फुंकला होता, तेव्हा त्याच्या विजयाचा शंख शोधावा असं तिला आधी वाटलं. तोही सापडला. तोच तो सज्जातला आवाज, ऐकताच पुन्हा छाती फुगली. पण तिनं तो खाली ठेवला. तो आवाज राजाचा होता, शंखाचा नव्हता. ती पुढं चालत राहिली आणि एक शंख तिनं कानाशी धरला तो गप्पच. त्यात समुद्रसुद्धा नव्हता. तिनं तोच छातीशी घेतला.

"याला सांगायचं काहीच नाही," क्षारकेतू म्हणाला.

"सांगणारा आमच्याकडे दुसरा आहे. हा धरून ठेवतो. राज्य जिंकल्यावर ते सांभाळावं लागतं, म्हणून देवापाशी दोन शंख असतात."

क्षारकेतूचा चेहरा प्रथमच उजळला. त्यानं वाळूला बोट लावलं, गोड पाण्याचा झरा वर आला आणि शंख काठोकाठ भरला. पाणी शंखात राहिलं. मुकुट त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "तिसरं काम मी सांगत नाही. ते तुझीच माणसं सांगतील."

राणी आली त्या वाटेनं परतली. नदी आता करंगळीएवढी उरली होती. वेशीवर सारं नगर उभं होतं, सुकलेलं, पण उभं. राजा पुढं होता. आणि राहुटीपाशी तो दूत, अजून उत्तराची वाट पाहत. राणीच्या हातात भरलेला शंख दिसला मात्र, लोकांनी एकच हाक दिली. राणीसाहेब, फुंका! त्या दूताला ऐकू द्या! त्याच्या राजापर्यंत जाऊ द्या!

तिसरं काम ते हेच. आणि खरं सांगतो, तिन्हींत तेच कठीण होतं. तिलाही वाटत होतं की त्या दूताचे कान फाटावेत. तिचे हात वर आले. शंख ओठांपाशी आला, तशी आतल्या पाण्यात तिला आपली माणसं दिसली. त्या एवढ्याशा पाण्यात सगळी मावली होती. तिनं हात खाली घेतले.

"महाराज," ती म्हणाली, "रणातला शंख आणवा, आणि तो आपण फुंका."

राजाची मान खाली गेली. "पाणी मी सांडलं, सुवर्चले. मी कुठल्या तोंडानं फुंकू?"

"मीही पाहत होते आणि मला अभिमान वाटला होता. आज तो खरोखर वाटावा असं घडलंय. फुंका."

राजानं शंख फुंकला. सज्जातल्या त्या दिवसापेक्षा आवाज कमीच होता, पण तो ऐकताना म्हाताऱ्या माणसांनीही पाठी सरळ केल्या. राणी तिकडे न पाहता देवघरात गेली. तिनं भरला शंख अडणीवर ठेवला, पूजा केली, पाणी आधी स्वतःवर शिंपडलं, मग फुलांवर, मग साहित्यावर. मग शंख देवावरून ओवाळून ती बाहेर आली आणि उरलेलं पाणी तिनं जमलेल्या सगळ्यांवर शिंपडलं. रिकामा झालेला शंख पुन्हा भरायला राजानं नदीवरून पाणी आणलं. आणलं ते कलशात, आणि ते कलशात राहिलं.

हे पाहताच एक कुंभारीण घागर घेऊन नदीवर उतरली. करंगळीएवढ्या धारेखाली तिनं ती धरली, भरेपर्यंत धीर धरला आणि डोक्यावर घेतली. भरली घागर डोक्यावर असली की मान वाकवून चालताच येत नाही. दूत वाटेत उभा होता, आपला हंडा पुढं करून.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

तो बाजूला झाला, आणि ती घरी गेली.