एक्याण्णव पायऱ्यांची सदर

गडाला पायऱ्या किती, हे विचारायचं झालं तर तुम्ही कुणावर भरवसा ठेवाल? पालखीतून चढणाऱ्यावर, की पायथ्याशी बसून रोज वर बघणाऱ्यावर? थांबा, उत्तराची घाई नको. आधी लुमाजी कासाराचं ऐका.

राणीसाहेबांना चुडा भरताना एक बांगडी पिचकली, म्हणून लुमाजीला महिन्याची कैद झाली. तिला आता चौथं वर्ष लागलं होतं! कारण कुरणगडचा नियमच तसा. तुरुंग पायथ्याशी, सदर माथ्यावर, आणि रोज सकाळच्या घंटेआधी कैद्यानं सदरेत हजेरी द्यायची. हजेरी चुकली की कैद एक दिवसानं वाढली! लुमाजीचे दोन्ही पाय लहानपणीच गेलेले. सपाटीवर तो हातांवर सुर्रकन सरके. पण गुडघाभर उंच पायऱ्या चढणार कशा?

त्याची लेक भिवरा महाराजांपुढे उभी राहिली. "महाराज, सदर जरा खाली आणा."

"सदर म्हणजे काय भाजीची पाटी आहे, खाली आणायला?" हजेरी लिहिणारे आप्पाजीपंत खेकसले. "महाराज बसतील ती सदर! शिकारीत आंब्याखाली बसले, तर तीच सदर! वाडवडिलांपासूनची रीत आहे!"

"बरं झालं सांगितलंत, काका."

महाराज हट्टाला पेटले. "नियम म्हणजे नियम! उद्या घंटेच्या आत बापाला सदरेत हजर कर. कुणी उचलायचं नाही, ओढायचं नाही. जमलं तर तो सुटला. नाही तर तूही त्याच्या शेजारी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा एकटीच वर आली.

"बाप कुठाय?"

"एक्याण्णव पायऱ्या आहेत, महाराज. वेळ लागणारच."

"एक्याण्णव? काहीतरीच! फार तर चाळीस. रोज जातो-येतो मी!"

"जातात-येतात ते भोई. महाराज आत डुलक्या काढतात."

पंतांच्या हातातली लेखणी गळून पडली. महाराज ताडकन उठले. "जोडे आणा! मी स्वतः मोजतो!"

एक, दोन, तीन... विसाव्या पायरीला पागोटं ढळलं. पन्नासाव्या पायरीला शेला पंतांच्या गळ्यात गेला. साठ की एकसष्ट, यावर दोघांची जुंपली, तेव्हा भिवरानंच तोड काढली, "साठ! चला पुढे!" अखेर "एक्याण्णव!" म्हणत महाराजांनी तुरुंगाच्या दारातल्या ओट्यावर बसकण मारली.

"पंतकाका," भिवरा म्हणाली, "महाराज कुठे बसलेत?"

"ओट्यावर... अरे देवा!"

"मग सदर कुठे भरली?"

तोच आतून लुमाजी सुर्रकन बाहेर आला. "लुमाजी कासार, हजर!" आणि वर घंटा झाली, ठण्ण!

महाराजांनी पंतांकडे पाहिलं, लुमाजीकडे पाहिलं, आणि पोट धरधरून हसले. "सुटलास रे, कासारा! पोरीनं मलाच खाली आणलं!" मग त्यांची नजर पायऱ्यांवर गेली. "आता मी वर कसा जाऊ? भोयांना बोलवा!"

"अं हं! उचलायचं नाही, ओढायचं नाही," भिवरा म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा ना?"

महाराज पुन्हा असे हसले, की आतले कैदीही हसू लागले. "तूच सांग बाई, काय करू?"

"वळणावळणाचा उतार घाला, कडेनं कठडा लावा. माझ्या बापासारखे सरकत जातील, आंधळे कठडा धरून जातील, आणि महाराजही जातील!"

उतार बांधून होईतो सदर रोज त्या ओट्यावरच भरली. कामावर देखरेख भिवराची, आणि राणीसाहेबांचा चुडा भरायचा मान पुन्हा लुमाजीचा!

तर मंडळी, आज घरी गेलात की आपल्या दाराच्या पायऱ्या मोजा. आणि हिशेब चोख ठेवा बरं, एकही पायरी गाळू नका!