वजा एक

शलाका नावाच्या संगणकभाषेत मोजणी शून्यापासून होई, म्हणजे यादीतल्या पहिल्या नावाचा क्रमांक शून्य. त्यामुळे यादीतलं शेवटचं नाव हवं असलं, की यादीची लांबी घेऊन त्यातून एक वजा करावा लागे. यामिनी बोरवणकरचं म्हणणं, यासाठी भाषेतच ‘शेवटचा’ नावाची तयार सोय द्यावी. भाषेत काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष टिपणीस सर यांनी तिचा प्रस्ताव दोनदा फेटाळला होता. तिसऱ्यांदा फेटाळला, की विषय कायमचा बंद.

"एका ओळीचं तर काम," सर म्हणाले. "ज्याला तेवढंही जमत नाही, त्याने प्रोग्राम लिहूच नयेत."

यामिनी वाद घालत बसली नाही. तिने पडद्यावर पाच जुन्या फायली उघडल्या. प्रत्येकीत कुणीतरी हीच सोय स्वतःपुरती लिहून घेतली होती.

सरांनी चष्मा सावरला. "ही चौथी बघा. एक वजा करायचाच राहिलाय. कुणा नवशिक्याचे हे प्रताप?"

"पाचही फायली तुमच्याच आहेत, सर," यामिनी शांतपणे म्हणाली. "तुमचाही हात जिथे पाचांत एकदा चुकतो, ती ओळ सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहून ठेवू, एवढंच म्हणतेय."

सगळी समिती खो खो हसली. सरांनाही हसू आवरेना. मंजुरीसाठी पहिला हात त्यांचाच वर गेला.

"फक्त," ते म्हणाले, "ती ओळ मला लिहायला सांगू नका."