निळ्या रंगाची वाटी

एकदा एक तरुण शिष्या होती. एका वृद्ध रंगभूषाकाराकडे ती चेहरे रंगवण्याची कला शिकत होती. पहिल्याच दिवशी तिला एक नियम सांगण्यात आला. उन्हाळी जत्रेत देवी होणाऱ्या मुलीच्या पापण्यांवर रंग चढला, की सूर्य मावळेपर्यंत तो पुसायचा नाही. का, ते विचारायचं नाही.

रंग तीन असत. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात हळदीचा पिवळा, मध्ये पळसफुलांचा केशरी आणि बाहेरच्या कडेला झळझळीत निळा. त्या दोन पापण्यांवर चैत्राचं सगळं वैभव उतरे. भर दुपारी देवी पालखीपुढे चाले. घामाबरोबर निळा रंग डोळ्यांत शिरे आणि गालांवर अश्रूंची धार लागे. लोक हात जोडून म्हणत, देवी प्रसन्न झाली.

सहा वर्षांपूर्वी शिष्या स्वतःच देवी झाली होती. तेव्हापासून तिचा डावा डोळा उन्हात उघडत नसे.

यंदाची देवी होती नऊ वर्षांची वैजू. समोर बसून तिने हळूच विचारलं, "ताई, झोंबतं का गं?"

शिष्येने रंगाची काडी वाटीच्या काठावर टेकवली. दाराशी गावातली वडीलधारी मंडळी बसली होती.

"देवी असलं विचारत नाही हो," त्यांतल्या एक आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या वेळी मी चकार शब्द काढला नव्हता."

"म्हणून आज ताटातलं मीठ चाचपून शोधता, आत्या!" वैजू पटकन म्हणाली.

"जिभेला हाड आहे का हिच्या?" आत्याबाई कडाडल्या.

शिष्येशेजारी बसलेल्या वृद्ध रंगभूषाकार गुरुजींनी हात वर केला. "मुली, सोसल्याशिवाय रंग खुलत नाही. जिथे झोंबतं, तिथूनच देवत्व आत येतं. आजवर कुणी प्रश्न केला नाही, कारण सर्वांना हे उमगलं होतं."

माना डोलल्या. शिष्येने वैजूच्या पापण्यांकडे पाहिलं. नकार दिला, तर उद्यापासून या दारात पाऊल टाकता येणार नव्हतं. आणि नाही दिला, तर वैजूचे डोळे!

"गुरुजी," ती म्हणाली, "माझा हात अजून बसलेला नाही. आधी तुमच्या पापणीवर करून पाहू?"

मंडळी बुचकळ्यात पडली. गुरुजी मात्र हसले. "ये. म्हातारपणी मीही देवी होऊन बघतो." त्यांनी डोळे मिटले.

तिने पिवळा लावला, मग केशरी.

"हात हलका आहे तुझा," ते कौतुकाने म्हणाले.

तिने काडी निळ्या वाटीत बुडवली. काठावर काडी निथळल्याचा बारीक आवाज झाला, आणि मिटल्या डोळ्यांनीच गुरुजींनी तिचं मनगट घट्ट पकडलं.

"तो नको."

"का?"

गुरुजींनी डोळे उघडले, पण तिचं मनगट सोडलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," शिष्या म्हणाली. "हा मोरचूद आहे. द्राक्षबागेत फवारताना माणसं तोंडाला फडकं बांधतात, आणि आपण तो लेकरांच्या डोळ्यांत घालतो. ज्याची भीती तुम्हाला वाटते, ते हिच्यासाठी देवत्व कसं? मी हा रंग लावणार नाही. वैजूला नाही, पुढच्या कुणालाही नाही. हाकलायचं असेल तर हाकला."

बाहेर ढोल वाजू लागले होते. देवीला लवकर आणा, म्हणून कुणी हाक मारत होतं. मनगटावरचा गुरुजींचा हात हळूहळू सैल झाला. मग त्याच हाताने त्यांनी निळी वाटी वैजूसमोरून दूर सरकवली.