चार गिरजा आणि एक हाक

फार पूर्वी तळ्याकाठी एक गाव होतं आणि त्या एवढ्याशा गावात गिरजा नावाच्या तीन नामांकित बायका होत्या. एकीचा गळा असा, की तिच्या गाण्याशिवाय कुठल्याच लग्नाची हळद दळली जात नसे. दुसरी पट्टीची पोहणारी. भर पावसात तळ्यात उडी घेऊन तिनं माणसंही काढली होती आणि म्हशीही. तिसरी मोडलेलं हाड बसवायची. तिच्या हाताखालून गेलेला माणूस पुन्हा झाडावर चढायचा आणि बहुतेक वेळा पुन्हा पडून तिच्याकडेच यायचा.

तिघींची कीर्ती लांबच्या गावांपर्यंत गेली होती. पण नाव एकच, त्यामुळे घोटाळेही व्हायचे. एकदा परगावाहून निरोप आला, "गिरजाबाईंना घेऊन या." गाणारी गिरजा गजरा माळून, ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. तिथं बघते तर एक म्हातारा पाय मोडून विव्हळत पडलेला! ती परत आल्यावर सगळं गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून तिघींनी ठरवूनच टाकलं, नुसत्या नावाला ओ द्यायची नाही. आधी विचारायचं, कोणती गिरजा?

आणि गावात एक चौथी गिरजाही होती. पण ती पोर होती, आणि तिला काहीच येत नव्हतं. "कोण गं दारात?" "गिरजा." "अगं बाई, कोणती?" "छे, त्यांतली नव्हे." एवढीच तिची ओळख.

त्या गावात एक रीत होती. मुलगी कमरेवर भरली घागर पेलू लागली, की नागपंचमीच्या सणाला तिच्याच नावाच्या वडीलधाऱ्या बाईनं तिच्या हातात हिरवी बांगडी चढवायची. मग ती पोर त्या बाईची. तिच्या उंबऱ्याशी बसायचं, तिच्याकडून शिकायचं. बांगडी नसलेल्या मुलीला पंचमीच्या झोक्यावर कुणी जागासुद्धा द्यायचं नाही. यंदा गिरजानं घागर पेलली होती. पण बांगडी घालणार कोण? बारशाला तिच्या कानात नाव सांगणारी आत्या वारली होती.

"आई, आत्यानं मला कुठल्या गिरजाचं नाव ठेवलं?"

"मी काय विचारत बसले होते? ती कानात कुर्र करून नाव सांगून मोकळी झाली. एवढी खुमखुमी आहे तर जा, त्यांनाच विचार."

पंचमीच्या आदल्या दिवशी पोर निघाली. तळ्याच्या वाटेवर पिंपळाचा पार होता. तिथं तिघीजणी मेंदीचा पाला वाटत बसल्या होत्या. पोर समोर जाऊन उभी राहिली.

"मी तुमच्यापैकी कुणाची?"

गाणारी हसली. "गाऊन दाखव बरं."

पोर गायली. पारावरचा कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

"माझी नव्हे बाई ही," गाणारी म्हणाली.

"पोहता येतं?" पोहणारीनं विचारलं.

"गुडघाभर पाण्यात."

"गुडघाभर पाण्यात दगडही पोहतो. माझी नव्हे."

हाडवाली जरा बऱ्या मनाची. तिनं पोरीचा पंजा हातात घेतला, बोटं दाबून पाहिली. "हातात जोर आहे. असं कर, हा एवढा पाला बारीक वाटून दे. संपेपर्यंत पाट्यावरून उठायचं नाही. हाडाला बसलं की मधेच उठून चालत नाही, कळलं? उठलीस तर आल्या वाटेनं परत जा. टिकलीस, तर उद्या बांगडी माझी."

पोरीचा जीव हरखला. ती मांडी घालून बसली आणि वरवंटा धरला. हिरवा चोथा बोटांना लागत होता, खांदे भरून येत होते, पण तिला उद्याची बांगडी डोळ्यांपुढे दिसत होती. पाला संपत आला. मूठभर उरला.

एवढ्यात तळ्याकडून हाक आली. "गिरजा! ए गिरजाऽऽ!"

तिघींचे हात थांबले. पोरीचाही थांबला.

"तुला असेल," गाणारी पोहणारीला म्हणाली. "पाण्याकडून आली हाक."

"काठाला पाणी घोट्याएवढं आहे. त्यात बुडायला काय कोंबडी आहे? कुणीतरी घसरलं असेल. जा गं हाडवाले."

"हाड मोडल्यावर माणूस 'आई गं' म्हणतं, गिरजा म्हणत नाही," हाडवाली म्हणाली. "आणि सूर ऐका की हाकेचा. कसा लांबवलाय! गाण्याचं बोलावणं आहे ते."

"मी नाही जायची बाई! एकदा गेले होते, तेवढं पुरे झालं. कोणती गिरजा ते नीट सांगा म्हणावं, मग येते."

हाक पुन्हा आली, या वेळी बारीक. तिघीजणी वाद घालत राहिल्या. एकमेकींना टोमणे मारायला तिघींनाही भारी सुचत होतं. पोर मात्र कान देऊन बसली होती. तिनं मनाशी म्हटलं, मला तर कुणीच हाक मारत नाही. ही माझी कशी असेल? आणि उठले तर बांगडी गेली. मूठभरच तर पाला राहिलाय.

तिसरी हाक आली. तिच्यात नुसतं "गिर" एवढंच ऐकू आलं.

पोरीनं वरवंटा टाकला आणि धूम ठोकली.

"उठलीस ना?" मागून हाडवाली ओरडली. "मग बांगडी विसर!"

तळ्याच्या काठाला कुंभारवाड्यातली ठकूआजी चिखलात रुतली होती. पंचमीच्या दिवशी माती खणत नाहीत आणि लोकांना पूजेला मातीचे नागोबा तर हवेत, म्हणून म्हातारी आदल्या दिवशीच माती काढायला आली होती. वरून घट्ट दिसणारा गाळ आतून पातळ निघाला. ती कमरेपर्यंत आत गेली होती आणि जितकी धडपडत होती तितकी खाली जात होती.

"हलू नको आजी!" पोर ओरडली. आपण पाय टाकला तर आपणही आत, हे तिला दिसत होतं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. शेताच्या वाटेला तुरीच्या तुराट्यांची ताटी आडवी लावलेली होती. ती उपटून तिनं फरफटत आणली, गाळावर पसरली आणि तिच्यावर पोट टेकून सरपटत पुढं गेली. म्हातारीच्या काखेखाली हात घालून तिनं तिची छाती ताटीवर घेतली. म्हातारी खाली जायची थांबली. पण वर काही येईना. तेवढा जोर पोरीच्या अंगात नव्हता.

आता हाक मारायची पाळी पोरीची होती. 'गिरजा' म्हणावं, तर तिघी पुन्हा एकमेकींची तोंडं बघत बसणार. ती बेंबीच्या देठापासून ओरडली,

"तिघी या! गाणारी या, पोहणारी या, हाडवाली या! तिघींनाच बोलावलंय! आजी मरतेय!"

मग मात्र पार हादरला. तिघीजणी धावत आल्या. पोहणारीनं पाराजवळच्या विहिरीचा दोर आणला होता. हाडवाली दरडावत होती, "हाताला धरून ओढू नका, खांदा निखळेल! दोर काखेतून घाला!" गाणारी रडवेली झाली. "मी काय करू? मला यातलं काय येतं?"

"ओढ!" पोर म्हणाली. "ओढायला काय गळा लागतो?"

सगळ्यांनी ओढलं. गाणारी दोनदा चिखलात बसली, पण दोर सोडला नाही. शेवटी गाळानं मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज केला आणि ठकूआजी बाहेर आली.

काठावर पडून म्हातारीनं आधी श्वास घेतला, मग तोंड उघडलं. "अगं सटव्यांनो! गावात चार-चार गिरजा. दुसरं नाव घेतलं तर एखादी येईल न येईल, म्हणून मुद्दाम तुमचं नाव घेतलं. म्हटलं, एक तरी धावेल. कुठं तडमडला होतात?"

तिघींच्या माना खाली गेल्या. "आम्हाला वाटलं दुसरीला आहे," पोहणारी पुटपुटली.

"आणि चौघींनाही तसंच वाटलं असतं तर? मी गेले असते ना तळाला, तुमचं नाव घेत!"

मग गाणारी पोरीजवळ सरकली. "चुकलंच गं आमचं. मला वाटतं, आत्यानं तुला माझंच नाव ठेवलं असणार. उद्या ये, बांगडी घालते."

"तुझं कसं?" हाडवाली उसळली. "पाट्यावर माझ्याकडे बसली होती ती!"

"पाण्याकाठी जीव वाचवला, म्हणजे माझीच की!" पोहणारी म्हणाली.

पोरीनं तिघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मघाशी याच बांगडीसाठी ती नकार ऐकून घेत उभी होती. आता तिला काय हवंय ते तिलाच नीट उमगलं.

"बांगडी आजी घालेल," ती म्हणाली.

"मी?" ठकूआजी चकित झाली. "पोरी, माझं नाव गिरजा नाही. नाववालीनंच घालायची रीत आहे."

"तूच मला गिरजा म्हणून हाक मारलीस. आजपर्यंत कुणी मारली नव्हती."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं गाणारीकडे हात पसरला. "काढ गं तुझ्या हातातली एक. एवढं तरी कर." गाणारीनं निमूट काढून दिली. मोठ्या बाईची बांगडी, पोरीच्या हाताला सैल होती. दोघींचे हात चिखलानं माखलेले. बांगडी सुळकन वर गेली आणि पोरीनं ती पडू नये म्हणून मूठ घट्ट आवळून धरली.

तात्पर्य: हाक कुणाला आहे, याचा खल करत बसू नये. आपल्याला ऐकू आली, म्हणजे ती आपल्यालाच आहे असं धरून उठावं. मोठं नाव असलेल्यांनी तर आधी उठावं.