महाराजांची डुलणारी खोली

"वरची खोली? तुला?"

शिंपलगडचे बाजीसेन महाराज इतक्या जोरात ओरडले की गलबतावर दोर ओढणारे खलाशी जागच्या जागी थांबले.

समोर हौसा उभी होती. महाराजांच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापणारी पोरगी. पदर खोचलेला, हाताला अजून पीठ. दोन दिवसांनी महाराजांचं गलबत सहलीला निघायचं होतं, आणि कुणी कुठं राहायचं ते दिवाणजींनी ठरवून टाकलं होतं. हौसाच्या वाट्याला आली अगदी तळातली, डोलकाठीच्या बुंध्याजवळची खोली. एका अंगाला कांद्याची पोती, उशाला नारळांचा ढीग. खिडकी तर सोडाच, साधी फटही नाही. तळाला फट असती तर गलबतच बुडालं असतं म्हणा!

"कायमची नको, महाराज," हौसा म्हणाली. "कावळेटोकावरून गलबत जाईल तेवढ्यापुरती. तिथं माझा बाप राहतो. सारा जन्म दर्यावर गेला त्याचा, आता पाय चालत नाहीत. चार वर्षं झाली, भेट नाही. त्या दिवशी कुणाच्या तरी आधारानं खडकावर येऊन बसतो, असा निरोप धाडलाय त्यानं. खिडकीतून लाल फडकं हलवलं की त्याला कळेल, पोर आपली बरी आहे."

"मग वर उघड्यावर येऊन हलव!"

"सहलीत नोकरांनी वर फिरकायचं नाही, हा आपलाच हुकूम आहे, महाराज."

हुकूम महाराजांचाच होता, आणि दिलेला हुकूम मागे घेतील तर ते बाजीसेन कसले! माणूस मनाचा वाईट नव्हता, पण हट्टी. मोठ्या माणसाची खोली उंच असावी, म्हणून गलबताच्या मागच्या टोकाला त्यांनी चार खिडक्यांची खोली मुद्दाम उंचावर बांधून घेतली होती.

"असं करू," महाराज मिशीला पीळ देत म्हणाले. "तुझी कांद्याची खोली माझ्या खोलीपेक्षा बरी, असं ज्या दिवशी मी माझ्या तोंडानं म्हणेन, त्या दिवशी माझी खोली तुझी! झालं समाधान?"

सगळे हसले. दिवाणजी तर पोट धरून हसले.

हौसा नाही हसली. तिनं मान वर करून त्या खोलीकडे पाहिलं, मग डोलकाठीकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "एक विचारू, महाराज? राजाची खोली म्हणायची, आणि डोलकाठीच्या निम्म्यालाही पोचत नाही?"

महाराजांचा चेहरा उतरला. "दिवाणजी! भाकऱ्या थापणाऱ्या पोरीला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही? बोलवा सुतार! चढवा अजून एक मजला!"

गलबताच्या नाखव्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण राजाला सांगणार कोण!

दोन दिवसांत मजला चढला, महाराजांची खोली आणखी वर गेली, आणि गलबत निघालं. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, आणि ती उंच खोली लागली झुलायला! इकडून तिकडे, तिकडून इकडे. महाराजांच्या पोटात जिलबी टिकेना, पेजसुद्धा टिकेना. वैद्यबुवा लिंबू घेऊन धावत आले, पण थोड्या वेळानं तेच शेजारच्या खिडकीतून मान बाहेर काढून बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी महाराज डोळे मिटून कळवळले, "थांबवा! ही खोली थांबवा!"

"समुद्र कुणाचं ऐकतो का, महाराज?" नाखवा म्हणाला.

"ते मला सांगू नका! जो कुणी ही खोली थांबवेल, त्यानं मागावं ते देईन!"

हाक तळापर्यंत पोचली. हौसा त्याचीच वाट बघत होती. कावळेटोक आता फार लांब नव्हतं. तिनं पिठाचे हात धुतले आणि तडक वर आली.

"मी थांबवते, महाराज. चार खलाशी द्या. आणि मी सांगेपर्यंत आपण डोळे उघडायचे नाहीत."

"उघडायची ताकद आहे कुणाला!"

हौसानं खूण केली. खलाशांनी महाराजांना गादीसकट उचललं, दिवाणजी मागोमाग निघाले.

"अगं, हे तर जास्तच हलायला लागलं!"

"थांबायच्या आधी थोडं हलतंच, महाराज!"

"आणि हा कांद्याचा वास कसला?"

"औषध आहे, महाराज!"

गादी खाली टेकली. महाराज थोडा वेळ दात-ओठ आवळून पडले. मग ओठ सुटले. मग मुठी सुटल्या. मग ते चक्क घोरायला लागले! हौसा मात्र एका पायावर उभी. कावळेटोक मागे पडलं तर?

अखेर महाराजांनी आळस दिला. "वा! आता कशी खोली झाली! मघाची कसली खोली, तो तर झोपाळा होता. त्यापेक्षा ही लाख पटीनं बरी!"

"नक्की ना, महाराज?"

"राजाचा शब्द आहे!"

"मग उघडा डोळे!"

महाराजांनी डोळे उघडले. एका अंगाला कांद्याची पोती. उशाला नारळ!

"पोरी! तुला खोली थांबवायला सांगितली होती!"

"खोली काही थांबेना, महाराज. म्हणून महाराजांनाच हलवलं! दर्यावरची माणसं तान्ह्या पोराला उंचावर नाही निजवत. डोलकाठीच्या बुंध्याशी, तळाला निजवतात. तिथं सगळ्यांत कमी हलतं."

"आणि मला अजून उंच चढवलंस तूच!"

"मी नुसतं विचारलं, महाराज. सुतार आपण बोलावले!"

महाराज असे खदाखदा हसले की नारळांचा ढीग घसरून दिवाणजींच्या पायावर आला.

"पळ! खोली तुझी! परत घरी पोचेपर्यंत तुझी!"

हौसा जिन्यावरून धावत सुटली. खोली झुलत होती, पण खलाशाच्या लेकीला त्याचं काय! तिनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि लाल फडकं हलवलं. कावळेटोकाच्या खडकावर एक पांढरा ठिपका होता. तो हलला.

"हौसा!" तळातून महाराजांची आरोळी आली. "दिसला का गं बाप?"

"दिसला, महाराज! मुंडासं सोडून हलवतोय!"

"मग उडवा रे तोफ त्याच्या नावानं! आणि येताना गलबत त्या टोकाला लावा, बापलेकींना पोटभर भेटू दे! आणि हौसा, आता खाली दोन भाकऱ्या पाठव गं. कांदा इथंच आहे!"