चावीचे शेवटचे चार फेरे

एकदा एका डोंगरगावात एक वृद्ध चावीवाले होते; सगळे त्यांना आबा म्हणत. वरच्या तलावातून दीड किलोमीटर उतरून येणारे पाणी गावच्या टाकीत सोडायचे आणि टाकी भरली की बंद करायचे, एवढेच त्यांचे काम. त्यांच्या हाताखाली मुरली नावाचा तरुण शिकत होता. ही नोकरीची जागा आधी त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ दोन महिन्यांपूर्वी तापाने गेला. काम जमले नाही तर जागा परक्याकडे जाणार, हा घोर मुरलीला होता.

आणि आबा तर त्याचा अंत पाहत. टाकी काठोकाठ भरली तरी चावी मुंगीच्या पावलांनी फिरवायचे. शेवटच्या चार फेऱ्यांना तर नळावर हात ठेवून थांबत थांबत जायचे.

"आबा, निम्मं पाणी ओढ्याला गेलं! बाया मला शिव्या घालतात."

"घालू देत. अंगाला भोकं पडतात का तुझ्या?"

एके सकाळी आबा चहाला गेले आणि टाकी वाहू लागली. खालून कुणीतरी ओरडले, "तुझा भाऊ असा झोपा काढत नव्हता रे!"

मुरलीच्या डोक्यात सणक गेली. त्याने चावीचे चाक गरागरा फिरवून करकचून आवळले. नळात घणाचा घाव बसावा तसा आवाज झाला. लगेच दुसरा. तिसऱ्याला रस्त्याखालच्या मोरीजवळचा नळाचा सांधा फुटून चिखल उडाला.

वरची तलावाजवळची चावी बंद करून दोघे दुपारपर्यंत सांधा जोडत बसले. मुरली धुसफुसत होता. "नळच कुजका! पाणी बंद करायचं होतं, बंद केलं. माझं काय चुकलं?"

आबा म्हणाले, "पाणी पळत होतं, लेका. इतकं पाणी म्हणजे उतारावरची भरली गाडी. तिच्या तोंडावर दार लावलंस. ती आदळणार, मागे उसळणार, पुन्हा आदळणार. दाराला काही होत नाही, कच्चा सांधा जातो. भाऊ गेला तेव्हा पाहुणे म्हणाले, तेराव्यानंतर रडायचं नाही. तूही त्याच दिवशी चावी आवळलीस. तेव्हापासून रोज कुणावर तरी आदळतोयस."

मुरलीच्या हातातला पाना गळून पडला. "आता जागा जाणार," एवढेच तो म्हणाला आणि हमसून रडू लागला.

"सरपंचांना मी सांगेन. शिकताना एखादा सांधा जातोच."

आबांनी त्याला गप्प हो म्हटले नाही. ते चिखलातच त्याच्याशेजारी बसून राहिले. रडणे आपसूक ओसरेपर्यंत.

वेगाने आलेल्याला थांबायलाही वेळ द्यावा लागतो.